वनौषधीवर संशोधन करायचंय? नागपुरात सुरुवात करणाऱ्यांसाठी वाटाड्या

पावसाळा लागला की एम.फार्म., एम.एस्सी. आणि एम.डी. आयुर्वेदच्या पोरापोरींचे फोन सुरू होतात. "अमुक झाडावर काम करायचंय, कुठून सुरू करू?" कधी एखादे वैद्य विचारतात, कधी गडचिरोलीकडे गावांत काम करणारा एखादा कार्यकर्ता. फार्माकॉग्नोसीतला (वनौषधींच्या अभ्यासाच्या शास्त्रातला) प्रबंध मी याच शहरात पूर्ण केला. त्या वाटेवर कुठे खड्डा आहे आणि कुठे नुसतीच पाटी आहे, हे आता ठाऊक झालंय. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

पहिल्यांदाच सांगून टाकतो. "माझं झाड गुणकारी आहे हे सिद्ध करायचंय" असं ठरवून निघालात तर ते सिद्ध होईलच. प्रयोगशाळेत जवळजवळ कुठलाही पाला काहीतरी करून दाखवतोच. परीक्षा अशी लावा की झाड तिच्यात नापासही होऊ शकेल. खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच हिशोबाने लिहिल्या आहेत. उदाहरणाला मुख्यतः बिजा घेतो, म्हणजे विजयसार. हस्तकला प्रदर्शनात त्याच्या लाकडाचे पेले मिळतात आणि "रात्री पाणी भरून ठेवा, सकाळी प्या, शुगर जाते" असं विकणारा सांगतो, ते झाड.

१. आधी प्रश्न, मग झाड

"मधुमेहावर बिजा" हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्न असा हवा: बिजाच्या गाभ्याच्या लाकडाचा पाण्यातला अर्क, माणूस प्रत्यक्षात घेऊ शकेल एवढ्या मात्रेत, जेवणानंतरची साखर कमी करतो का? एवढ्या एका वाक्यात झाडाचा भाग ठरला, द्रावक ठरला, मात्रेची मर्यादा ठरली आणि मोजायचं काय तेही ठरलं.

आता वहीच्या पहिल्या पानावर लिहा: कोणता आकडा आला तर मी "नाही, चालत नाही" असं म्हणेन? हे प्रयोगाआधी लिहायचं आणि खाली तारीख टाकायची. गाइडने भुवया उंचावल्या तरी लिहा.

याचं महत्त्व कळायला गुग्गुळाची गोष्ट पुरेशी आहे. बनारस हिंदू विद्यापीठात १९६६ साली डॉ. सत्यवतींनी सुश्रुतसंहितेतल्या मेदोरोगाच्या वर्णनावरून धागा पकडून सशांवर काम केलं. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने (सीडीआरआय) त्यातून गुग्गुलिपिड हे औषध विकसित केलं आणि ते आपल्याकडे बाजारातही आलं. भारतातल्या अभ्यासांत कोलेस्टेरॉल उतरताना दिसलं होतं. मग २००३ साली अमेरिकेतल्या नियंत्रित चाचणीचा निकाल आला आणि त्यात एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, कमी होण्याऐवजी थोडं वाढलेलं निघालं. आहार वेगळा, माणसं वेगळी, असे खुलासे पुष्कळ झाले. पण चाचणी अशी होती की औषध तिच्यात हरू शकत होतं, म्हणूनच आपल्याला काहीतरी कळलं.

२. वाचन

पबमेड या वैद्यकीय लेखांच्या संकेतस्थळावर नुसतं "बिजा" किंवा "विजयसार" शोधून भागत नाही. शास्त्रीय नाव, त्याची जुनी नावं, इंग्रजी बाजारातलं नाव, संस्कृत नाव, सगळी टाकून बघा. संस्कृतात बिजाला असन म्हणतात, आणि मराठीत आसाणा म्हणजे भलतंच झाड. चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेने तयार केलेला इम्पॅट हा माहितीसंच फुकट आहे. कोणत्या भारतीय वनस्पतीत कोणती रसायनं सापडली आहेत ते तिथे एका ठिकाणी दिसतं.

माणसांवरचं काम आधी वाचा, उंदरांवरचं नंतर. बिजावर आयसीएमआरने अनेक केंद्रांत चाचणी घेतली आणि तिचे निष्कर्ष १९९८ मध्ये छापून आले. मधुमेह नव्यानेच कळलेल्या बऱ्याच रुग्णांची साखर आटोक्यात आली, पण चाचणी खुली होती (काय औषध दिलंय ते सगळ्यांना ठाऊक होतं) आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. मधुमेह नुकताच कळलेला माणूस गोड सोडतो, चालायला लागतो, त्यानेही साखर उतरते. पुढे टॉलब्युटामाइड या मधुमेहाच्या जुन्या गोळीशी तुलना करणारी चाचणीही झाली. हे माहीत नसताना "बिजाचा मधुमेहावरील परिणाम" असा विषय नोंदवलात, तर तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक पहिल्या पाच मिनिटांत धरतील.

पैसे घेऊन आठ दिवसांत छापणाऱ्या नियतकालिकांतले लेख संदर्भ म्हणून वापरू नका. तिथे एकच तक्ता तीन वेगवेगळ्या झाडांच्या नावाखाली सापडतो.

३. झाड तेच आहे का?

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक प्रबंध प्रयोगशाळेत शिरण्याआधी इथेच फसलेले असतात.

इतवारीत जडीबुटीच्या दुकानात उभे राहा आणि शंखपुष्पी मागा. ती मिळेल. पण देशभरात शंखपुष्पी या नावाने किमान चार वेगळ्या वनस्पती विकल्या जातात आणि त्यांतली एक तर आपली बागेतली गोकर्ण आहे. ब्राह्मी मागितली तर कुणी बाकोपा देतो, कुणी मंडूकपर्णी. अशोकाची साल मागितली तर काय येईल याचा नेम नाही. आपल्या लेआउटमध्ये कंपाउंडला लागून सरळसोट वाढलेलं जे झाड आपण अशोक म्हणून ओळखतो ते पॉलिअल्थिया. औषधातला अशोक म्हणजे सराका असोका, आणि त्या झाडाचा याच्याशी दूरचाही संबंध नाही. एका दुकानदाराने मला सरळच विचारलं होतं, "प्रोजेक्टसाठी पाहिजे का खायाले?" दोन्हींसाठी त्याच्याकडे वेगळी पोती होती आणि प्रोजेक्टचं पोतं स्वस्त होतं.

गुळवेलीचं प्रकरण तर जिवाशी खेळणारं. कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचे काढे झाले आणि काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याचे अहवाल आले. त्यावर वाद झाला आणि आयुष मंत्रालयाने टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया आणि तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा यांत घोळ होऊ देऊ नका असं बजावलं. क्रिस्पाच्या खोडावर फोडांसारखे ठळक उंचवटे असतात. हे हातात वेल धरल्यावर कळतं, पुडीतल्या चुऱ्यात कळत नाही. म्हणून शक्यतो चूर्ण विकत घेऊच नका.

करायचं असं:

झाड शोधा, फुलासकट किंवा फळासकट फांदी घ्या. फूल-फळ नसलेली फांदी घेऊन गेलात तर वनस्पतीशास्त्राचे सर परत पाठवतील आणि ते बरोबरच आहे. जागेवरच वहीत तारीख, ठिकाण, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, फुलाचा ताजा रंग, झाडाची उंची लिहा. रंग वाळल्यावर राहत नाही. फांदी वर्तमानपत्राच्या घडीत दाबा आणि कागद रोज बदला. पावसाळ्यात दिवसातून दोनदा बदला, नाहीतर तिसऱ्या दिवशी बुरशीचा संग्रह तयार होतो. वाळली की हर्बेरियमच्या (वाळवलेल्या वनस्पती-नमुन्यांच्या संग्रहाच्या) जाड कागदावर चढवा. विद्यापीठाच्या अमरावती रोडवरच्या परिसरात वनस्पतीशास्त्र विभाग आहे, तिथे ओळख पटवून घ्या. पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम मंडळ आहे, तिथूनही प्रमाणपत्र मिळतं. नमुन्याला क्रमांक मिळाला पाहिजे आणि तो नमुना तिथे जमा राहिला पाहिजे. नुसतं "ओळख पटवली" असं पत्र म्हणजे अर्धंच काम. दहा वर्षांनी कुणाला शंका आली तर पत्र उघडून झाड बघता येत नाही.

बिजाच्या बाबतीत अडचण अशी की लागतो गाभा. पान-फूल दाबून ओळख पटेल, पण लाकूड त्याच झाडाचं आहे हे कसं दाखवणार? लाकूड वखारीतून आणलं असेल तर आडव्या छेदाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी आणि पातळ थराची क्रोमॅटोग्राफी (घटक वेगळे करून दाखवणारी चाचणी), दोन्ही करा.

४. परवानग्या: आपल्या शहराचा फायदा घ्या

नागपूरकरांना एक सोय आहे. पुण्या-मुंबईच्या पोरांना ज्या कचेऱ्यांसाठी रेल्वेचं तिकीट काढावं लागतं त्या आपल्याकडे सिव्हिल लाइन्समध्ये आहेत. राज्य वन विभागाचं मुख्यालय वन भवन इथेच, आणि महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळही इथेच.

पेंच, बोर, नवेगाव-नागझिरा, उमरेड-कऱ्हांडला अशा संरक्षित क्षेत्रातून पानही उचलायचं नाही. तिथे संशोधन करायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो. बहुतेकांना त्याची गरजही नसते, कारण जे झाड पेंचमध्ये आहे ते अनेकदा रामटेक-देवलापार भागात शेताच्या बांधावरही सापडतं. मालकाला विचारा आणि दोन ओळींची लेखी संमती घ्या. बिजासारखं झाड मात्र बांधावरचं असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. लाकूड घ्यायचं तर पावतीवालं घ्या.

जैविक विविधता कायदा २००२ चा आहे, त्यात २०२३ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. भारतीय विद्यार्थ्याने भारतातच, केवळ अभ्यासासाठी केलेल्या कामाला फारसा अडसर नाही. अडसर तीन ठिकाणी येतो: नमुना किंवा निष्कर्ष परदेशी संस्थेला द्यायचे असतील तेव्हा, धंद्यासाठी वापर होणार असेल तेव्हा, आणि पेटंट घ्यायचं असेल तेव्हा. मावसभाऊ अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत आहे म्हणून पाकिटात घालून अर्क पाठवणं हा त्यातला पहिला प्रकार. ते करू नका. आधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे विचारणा करा.

माहिती एखाद्या गावातल्या वैदूकडून किंवा आदिवासी बाईकडून घेणार असाल तर तीही फुकटची समजू नका. गडचिरोलीत मेंढा-लेखासारख्या गावांना सामूहिक वनहक्क मिळालेले आहेत. तिथे ग्रामसभेसमोर जाऊन, काय करणार आहात ते मराठीत किंवा गोंडीत सांगून, मग काम सुरू करायचं. केरळात कानी आदिवासींनी दाखवलेल्या आरोग्यपच्चा या वनस्पतीवरून "जीवनी" हे औषध तयार झालं आणि त्याच्या उत्पन्नातला वाटा त्यांना देण्याची व्यवस्था केली गेली. अंमलबजावणीत वाद झाले, तरी आधी ठरवून ठेवलं होतं एवढं खरं. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात "स्थानिक लोकांचे आभार" एवढ्यावर भागवणं मला तरी पटत नाही. नाव छापायला त्यांची हरकत नसेल तर नाव घाला.

५. वाळवणं, दळणं आणि नागपूरचा उन्हाळा

सावलीत वाळवा. गच्चीवर मे महिन्याच्या उन्हात पसरलेली तुळस किंवा निलगिरी दुपारपर्यंत कुरकुरीत होते आणि तिच्यातलं तेल तोवर उडून गेलेलं असतं. पावसाळ्यात उलटं संकट, म्हणजे बुरशी. चाळीस अंशांच्या आसपास ठेवलेला ट्रे ड्रायर मिळाला तर उत्तम.

अर्क काढताना आपल्या हवामानाचा जो त्रास होतो तो पुस्तकांत सापडत नाही. सॉक्सलेट (गरम द्रावकाने अर्क काढायचं काचेचं उपकरण) लावलं की कंडेन्सरमधून गार पाणी फिरावं लागतं. मे महिन्यात नागपूरच्या गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी चहाला अर्धं तयार असतं. त्याने वाफ थंड होत नाही आणि द्रावक वरच्या तोंडातून निघून जातं. उपाय साधा आहे. कूलरचा छोटा पंप घ्या, बादलीत बर्फ टाका आणि तेच पाणी फिरवत ठेवा. पंप आणि त्याची वायर द्रावकापासून लांब ठेवा. पेट्रोलियम ईथर ४०–६० ऐवजी ६०–८० अंशांच्या रेंजचं मागवा. डायएथिल ईथर ३४.६ अंशांना उकळतं, म्हणजे एसी नसलेल्या खोलीत आपल्याकडे ते नुसतं ठेवलं तरी उकळेल. आणि ते घरगुती फ्रिजमध्ये ठेवायचं नाही. आतल्या थर्मोस्टॅटच्या ठिणगीने फ्रिज उडू शकतो.

द्रावक कोणता? परंपरेत जो आहे त्यापासून सुरुवात करा, पण तिथेच अडकू नका. चीनमध्ये तू यूयू यांच्या गटाने हिवतापावर चिंगहाव या वनस्पतीचे अर्क करून पाहिले, परिणाम टिकेना. एका प्राचीन चिनी ग्रंथात वनस्पती पाण्यात भिजवून पिळून रस घ्यायला सांगितलेलं होतं, उकळायला नव्हे. त्यावरून त्यांनी कमी तापमानाला ईथरने अर्क काढला आणि १९७२ मध्ये आर्टेमिसिनिन वेगळं झालं. २०१५ चं नोबेल त्याच कामाला. तुमच्या झाडाची कृती जुन्या ग्रंथात नेमकी कशी दिली आहे, स्वरस (पिळलेला रस), हिम (गार पाण्यात भिजवलेलं), फांट (गरम पाण्यात भिजवलेलं) की क्वाथ (उकळलेला काढा), ते बघा. बिजाच्या पेल्यातलं रात्रभरचं पाणी हा एक प्रकारे हिम आहे. मग तुम्ही मिथेनॉलचा अर्क तपासून पेल्याबद्दल निष्कर्ष काढू शकत नाही.

बिब्ब्यावर काम करणाऱ्यांनी हातमोजे, लांब बाह्या, चष्मा घातल्याशिवाय फळ फोडू नये. साध्या मिक्सरमध्ये तर मुळीच दळू नये. त्याचं तेल लागलं की तासाभरात काही दिसत नाही, दुसऱ्या दिवशी फोड येतात. काजू-आंब्याच्या चिकाची ॲलर्जी असलेल्याने हे झाड दुसऱ्याला द्यावं.

दरवेळी नोंद ठेवा: किती ग्रॅम चूर्ण, किती द्रावक, किती वेळ, किती अर्क निघाला. हा शेवटचा आकडा पुढे लागणार आहे.

६. अर्काची कुंडली

एकाच झाडाचे जूनमधले आणि डिसेंबरमधले अर्क सारखे नसतात. म्हणून निदान एक खूण, म्हणजे ओळखीचा घटक, ठरवा आणि तिचं प्रमाण मोजा. बिजासाठी टेरोस्टिल्बीन किंवा एपिकॅटेचिन चालेल. घटक वेगळे करून मोजणारं एचपीटीएलसी यंत्र शहरातल्या काही फार्मसी महाविद्यालयांत आहे. रेणूची ओळख पटवणाऱ्या एनएमआर आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीसाठी आयआयटी मुंबईच्या सैफ केंद्रात नमुने पाठवता येतात, पण रांग असते.

जड धातूंची तपासणी टाळू नका. कच्च्या वनस्पतीसाठी मर्यादा अशा: शिसं १० पीपीएम (दहा लाखांत दहा भाग), आर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३. रस्त्याकडेची, नाल्याकाठची झाडं गोळा केली असतील तर हे आधी करा, नाहीतर पुढे दिसलेला दुष्परिणाम झाडाचा की शिशाचा हे सांगता येणार नाही.

७. प्रयोगशाळेतली परीक्षा, आणि तिथले सापळे

सगळ्यांचा आवडता प्रयोग डीपीपीएच, म्हणजे या जांभळ्या रसायनाचा रंग अर्काने उडतो का ते बघणं. जांभळा रंग पिवळा झाला की "उत्तम अँटिऑक्सिडंट". ज्यात पॉलिफिनॉल आहेत ते सगळं यात पास होतं, टपरीवरचा कोरा चहासुद्धा. यावरून माणसाच्या आजाराबद्दल काही कळत नाही. विद्यापीठाला तक्ता हवाच असेल तर करा, पण निष्कर्षात त्याच्या जोरावर कर्करोगापर्यंत उडी मारू नका.

दुसरा सापळा जास्त चतुर आहे. मधुमेहावर काम करणारे पिष्टाची साखर करणाऱ्या अल्फा-ग्लुकोसिडेज या एन्झाइमची चाचणी करतात आणि तुलनेला अकार्बोज हे मधुमेहाचं औषध घेतात. बाजारात सहज मिळणारं एन्झाइम यीस्टचं असतं, आणि यीस्टच्या एन्झाइमवर अकार्बोज मुळातच कमजोर आहे. ते आतड्यातल्या एन्झाइमवर चालतं. मग तुमचा अर्क "अकार्बोजपेक्षा कितीतरी पटींनी प्रभावी" निघतो आणि लेख छापून येतो. उंदराच्या आतड्यातलं एन्झाइम वापरून तेच पुन्हा करा. बहुतेकांचा आनंद तिथे ओसरतो.

तिसरा, टॅनिन. बिजा, हिरडा, बेहडा, अर्जुन, बाभूळ हे सगळे टॅनिनवाले. टॅनिन कुठल्याही प्रथिनाला चिकटतं, म्हणून कुठलंही एन्झाइम बंद पाडतं. खरी कसोटी हवी तर मिश्रणात थोडा ट्रायटन डिटर्जंट किंवा जादा अल्ब्युमिन घालून पुन्हा मोजा. परिणाम गायब झाला तर तो औषधी गुण नव्हता. हळदीतलं करक्युमिनही अशाच कारणांनी बदनाम आहे: असंख्य चाचण्यांत सकारात्मक दिसतं, आणि २०१७ मध्ये रसायनशास्त्रज्ञांनी घेतलेल्या आढाव्यात ते अस्थिर आणि चाचण्यांना फसवणारं रेणू म्हणून नोंदवलं गेलं.

जंतूंवर काम असेल तर वाटीत जंतू न वाढलेल्या गोलाचा व्यास मोजून थांबू नका. तो अर्क आगारमध्ये किती पसरतो यावरही अवलंबून असतो. एमआयसी, म्हणजे जंतूंची वाढ थांबवणारी किमान मात्रा, काढा. कच्च्या अर्काची एमआयसी दर मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर पुढे जाण्यात अर्थ आहे. नुसत्या डीएमएसओचं (अर्क ज्यात विरघळवतात त्या द्रावकाचं) नियंत्रण प्रत्येक वेळी लावा.

आणि आकडा आला की लगेच हा हिशोब करा. अर्क दर मिलिलिटरला १ मिलिग्रॅमवर चालतो असं दिसलं. माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त. म्हणजे एका वेळी ५ ग्रॅम अर्क रक्तात हवा, तोही पोटातून शंभर टक्के शोषला गेला असं धरून. असं होत नाही.

८. प्राण्यांवर काम

इथे थोडक्यात. संस्थेच्या प्राणी आचारसमितीची मंजुरी प्रयोगाआधी लागते, आणि ती समिती केंद्राच्या सीसीएसईए या प्राणीप्रयोगांवर देखरेख करणाऱ्या समितीकडे नोंदलेली हवी. जुन्या कागदांत हिचं नाव सीपीसीएसईए दिसेल. विषारीपणासाठी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची ४२३ किंवा ४२५ क्रमांकाची चाचणीपद्धत वापरा. निम्मे प्राणी मरतील ती मात्रा शोधणारी जुनी एलडी-५० पद्धत, म्हणजे ४०१, केव्हाच रद्द झाली आहे, तरी अजून काहींच्या प्रस्तावात ती दिसते.

मात्रा ठरवताना पुन्हा हिशोब. उंदराला (रॅटला) दर किलोला ४०० मिलिग्रॅम अर्क दिला. माणसासाठी ६.२ ने भागा: दर किलोला सुमारे ६५ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ३.९ ग्रॅम अर्क. पाचव्या पायरीतल्या वहीप्रमाणे चूर्णातून १० टक्के अर्क निघाला असेल तर हे रोज ३९ ग्रॅम चूर्ण झालं. कोण खाणार? "४०० मिलिग्रॅमवर लक्षणीय परिणाम" असं लिहिण्याआधी हे एवढं करून बघा.

९. माणसांवर जायचं तर

"ओपीडीतल्या दहा जणांना काढा देऊन पाहिला" हा वाक्प्रयोग वैद्य मित्रांच्या तोंडी वरचेवर येतो. रुग्णाला तुमच्या शास्त्रानुसार औषध देणं ही चिकित्सा, तो तुमचा अधिकार आहे. पण ठरवून गट पाडले, मोजमापं घेतली आणि छापायचं मनात असलं की ते संशोधन झालं. मग आचारसमितीची मंजुरी, रुग्णाला मराठीत समजेल असं संमतिपत्र, आणि पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत नोंदणी. ही नोंदणी मोफत आहे. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून केलेली नोंदणी तिथे घेत नाहीत, त्यामुळे "आधी करून बघू, मग नोंदवू" हा मार्ग बंद.

तुमचं औषध कुठल्या दारातून जाणार तेही आधीच ठरवा. संहितांमधल्या कृतीप्रमाणे असेल तर ते आयुर्वेदीय औषध, त्याचे नियम निराळे. वनस्पतीचा शुद्ध केलेला, प्रमाणित अंश असेल आणि त्यातले किमान चार घटक निश्चित केलेले असतील तर तो २०१५ च्या अधिसूचनेप्रमाणे फायटोफार्मास्युटिकल, आणि त्याला जवळजवळ आधुनिक औषधाच्याच पायऱ्या चढाव्या लागतात.

घाईने फेसबुकवर "आमच्या संशोधनाने मधुमेह बरा" टाकू नका. १९५४ च्या जादूटोणा-औषध जाहिरात कायद्यात मधुमेहासह अनेक आजारांवर असा दावा करायला बंदी आहे. आणि तुमचा अर्क घेण्यासाठी कुणी चालू असलेली गोळी किंवा इन्सुलिन बंद करत असेल तर त्याला तिथेच थांबवा, डॉक्टरांकडे पाठवा.

१०. पेटंट आणि छपाई

हळदीने जखम भरते यावर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं होतं; आपल्या सीएसआयआर या वैज्ञानिक संशोधन परिषदेने जुने लिखित पुरावे देऊन ते १९९७ मध्ये रद्द करवलं. तोच नियम आपल्यालाही लागतो. भारतीय पेटंट कायद्याच्या ३(पी) कलमाखाली पारंपरिक ज्ञान जसंच्या तसं पेटंट होत नाही. आजीचा काढा कॅप्सूलमध्ये भरला म्हणजे शोध झाला नाही. खरोखर नवं काही असेल तर परिषदेत पोस्टर लावण्याआधी अर्ज करा, आणि जैविक साहित्य कुठून घेतलं ते अर्जात सांगा. सिव्हिल लाइन्समधल्या राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्थेत यावर प्रशिक्षण होतं, विद्यार्थ्यांनी जाऊन यावं.

झाड नापास झालं तरी छापा. मार्गदर्शक म्हणतील, "निगेटिव्ह कोण घेतं?" घेणारी नियतकालिकं आहेत. पुढच्या वर्षी दुसऱ्या महाविद्यालयातली मुलगी तेच झाड निवडणार असते.

फाइलमध्ये काय काय हवं

- हर्बेरियम नमुन्याचा क्रमांक आणि ओळखीचं प्रमाणपत्र, नमुना जमा केल्याच्या पोचपावतीसह
- जमीनमालकाची, ग्रामसभेची किंवा वन विभागाची लेखी परवानगी. विकत घेतलं असेल तर पक्की पावती
- गोळा केल्याची तारीख, ठिकाण, झाडाचा भाग. प्रत्येक खेपेचं वजन आणि निघालेला अर्क
- जड धातू आणि सूक्ष्मजीव तपासणीचे अहवाल
- प्राणी किंवा मानवी आचारसमितीचं मंजुरीपत्र, सीटीआरआय क्रमांक
- मूळ चूर्णाचा आणि अर्काचा थोडा साठा, हवाबंद, लेबल लावून. तोंडी परीक्षेनंतर फेकून द्यायचा नाही

वेळेचं गणित

जुलै ते ऑक्टोबर पुष्कळ झाडं फुललेली असतात, त्यातही विदर्भातल्या बारीकसारीक औषधी वनस्पती दसऱ्यानंतर दिसेनाशा होतात. म्हणजे विषय मे-जूनमध्येच ठरलेला हवा. आचारसमित्यांच्या बैठका रोज होत नाहीत, अर्ज पावसाळ्यातच टाका. अर्क काढण्याचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका. तेव्हा नळाचं पाणी गार असतं आणि बर्फाचा खर्च वाचतो. मार्च लागला की लिहायला बसा.